‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ या व्हिडिओ गेमची बलस्थाने आणि मर्यादा : खेळाडूच्या कृतीच्या अंगाने एक चिकित्सा

सारांश

पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने निर्माण केलेला ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा व्हिडिओ गेम २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय पुराणकथा, राजस्थानी वास्तुशैली आणि छायाबाहुल्यांचे निवेदन यांमुळे त्याचे कौतुक झाले. प्रस्तुत निबंधात या खेळाचा विचार प्रेक्षकाच्या नव्हे, तर खेळाडूच्या दृष्टीने केला आहे. खेळाडू जे पाहतो आणि तो जे करतो यांत एकात्मता कोठे साधली आहे व कोठे तुटली आहे, हे तपासणे हा या चिकित्सेचा हेतू आहे.

कळीचे शब्द : व्हिडिओ गेम, खेळाडू, कृती, आशय, पुराणकथा, छायाबाहुल्या

१. प्रस्तावना

मराठीत व्हिडिओ गेमसंबंधी जे लेखन होते, त्यात मुलांच्या डोळ्यांवर येणारा ताण, अभ्यासाकडे होणारे दुर्लक्ष, हिंसेचे आकर्षण आणि जडणारे व्यसन हे विषय प्रामुख्याने येतात. हे प्रश्न गंभीर आहेत, यात शंका नाही. परंतु त्यांतून मूल्यमापन होते ते खेळणाऱ्याचे, खेळाचे नव्हे. कादंबरी वाचताना डोळे दुखतात किंवा रात्रीची झोप बुडते, यावरून कोणी तिची वाङ्मयीन योग्यता ठरवीत नाही. खेळाच्या बाबतीत मात्र अशा निकषांपाशीच चर्चा थांबते.

‘राजी’च्या प्रकाशनाचा काळ या दृष्टीने लक्षणीय आहे. हा खेळ १८ ऑगस्ट २०२० रोजी प्रथम निन्टेन्डो स्विच या यंत्रासाठी उपलब्ध झाला. त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, २ सप्टेंबर २०२० रोजी, भारत सरकारने ‘पबजी मोबाइल’सह ११८ ॲपवर बंदी घातली. त्या वेळची सार्वजनिक चर्चा साहजिकच बंदीभोवती फिरली. ‘राजी’च्या वाट्याला अभिमान आला. आपल्या मातीतला, आपल्या पुराणांवरचा, पुण्यात घडलेला खेळ म्हणून त्याचे स्वागत झाले. हा अभिमान अनाठायी नाही. पण अभिमान म्हणजे समीक्षा नव्हे. एकीकडे सरसकट भीती आणि दुसरीकडे सरसकट कौतुक, या दोहोंमध्ये प्रत्यक्ष कृतीच दृष्टिआड होते.

२. मूल्यमापनाचा निकष

डच विचारवंत योहान हाउझिंगा यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात खेळ ही संस्कृतीची मूलभूत प्रेरणा मानली. एस्पेन आरसेथ यांनी ‘सायबरटेक्स्ट’ (१९९७) या ग्रंथात ज्या संहितेतून वाट काढण्यासाठी वाचकाला केवळ पाने उलटण्यापलीकडचे श्रम करावे लागतात, अशा संहितेचा स्वतंत्र विचार मांडला. पुढे क्लिंट हॉकिंग यांनी २००७ मध्ये ‘बायोशॉक’ या खेळाची चिकित्सा करताना खेळाची कथा एक सांगते आणि त्याचे नियम खेळाडूकडून दुसरेच करवून घेतात, या विसंवादाकडे लक्ष वेधले. या तिन्ही विचारांतून एक सूत्र हाती लागते. व्हिडिओ गेमचे माध्यम केवळ चित्र, शब्द वा संगीत हे नसून नियमांनी बांधलेली खेळाडूची कृती हे आहे.

मराठी समीक्षेला हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. बा. सी. मर्ढेकर यांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये कलाकृतीतील घटकांच्या संवाद, विरोध व समतोल या लयसंबंधांना महत्त्व दिले. हीच दृष्टी खेळाला लावली, तर त्यात पुराणकथा आहे की नाही हा प्रश्न दुय्यम ठरतो. त्या कथेचा खेळाडूच्या उडीशी, वाराशी, चुकीशी आणि निवडीशी कोणता संबंध जुळला आहे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

३. कथानक आणि पार्श्वभूमी

राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. तिचा धाकटा भाऊ गोलू बाहुल्यांचे खेळ करतो. रक्षाबंधनाच्या दिवशी असुरांचा हल्ला होतो आणि इतर मुलांबरोबर गोलूही पळवून नेला जातो. त्याच्या शोधात निघालेल्या राजीला देवतांचा वरदहस्त लाभतो आणि महाबलासुराशी सामना करण्याची जबाबदारी तिच्यावर येते. ही सारी कथा दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून उलगडते.

खेळाच्या निर्मितीचा मार्ग सोपा नव्हता. २०१७ मध्ये किकस्टार्टर या संकेतस्थळावर लोकनिधी उभारण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा उद्दिष्टाएवढी रक्कम जमली नाही. तरीही काम पूर्ण झाले आणि २०२० च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील सर्वोत्तम खेळाच्या विभागात त्याला नामांकन मिळाले.

४. बलस्थाने

‘राजी’चे पहिले बलस्थान म्हणजे स्थळाची जाण. राजस्थानच्या मध्ययुगीन वास्तुशैलीतून घडवलेले किल्ले, सज्जे, जाळ्या आणि प्रांगणे येथे केवळ मागचा पडदा म्हणून येत नाहीत; खेळाडू त्यांवरून धावतो, त्यांना लटकतो, त्यांवरून खाली झेपावतो. दूरवर ठेवलेल्या कॅमेऱ्यामुळे राजीची आकृती लहान दिसते आणि वास्तूची भव्यता अंगावर येते. अशा प्रचंड जगात एकटी पडलेली मुलगी ही कथेची मूळ भावना येथे शब्दांवाचून पोचते.

दुसरे बलस्थान राजीच्या लढण्याच्या रीतीत आहे. ती योद्धा नाही, कसरतपटू आहे. त्यामुळे भिंतीवर धावत जाऊन उलटा वार करणे, खांबाभोवती गिरकी घेऊन शत्रूंवर झेपावणे, असुराच्या पाठीमागे उडी घेणे या तिच्या चाली आहेत. सर्कशीतील कौशल्य रणांगणावर कसे उपयोगी पडते, हे निवेदक सांगत नाही. खेळाडूची बोटे ते शिकतात. खांब हा शोभेचा दगड न राहता आधार आणि हत्यार होतो. येथे पात्र, वास्तू आणि कृती यांचा संवाद पूर्ण साधला आहे. संपूर्ण खेळात ‘राजी’ स्वतःच्या माध्यमात सर्वाधिक स्वाभाविकपणे बोलते ती या क्षणी.

तिसरे बलस्थान निवेदनाच्या दृश्यरूपाचे. कथाभाग छायाबाहुल्यांच्या शैलीत सादर होतात. महाराष्ट्रातील वाचकाला येथे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीच्या ठाकर समाजाची आठवण व्हावी. चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या या तिन्ही कला त्या समाजाने जपल्या आहेत. पडद्यामागचा दिवा, सपाट आकृती आणि सांगणाऱ्याचा आवाज एवढ्या सामग्रीवर महाकाव्य उभे राहू शकते, हे ज्या परंपरेला ठाऊक होते, तिच्याशी या खेळाचे नाते जुळते. पुढे आलेल्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाजांची जोड मिळाल्याने, मूळ इंग्रजी निवेदनामुळे या सृष्टीत जाणवणारा परकेपणाही बराच कमी झाला.

५. मर्यादा

या बलस्थानांच्या पोटातच खेळाची मुख्य मर्यादा दडलेली आहे. वाटेत जागोजागी भित्तिचित्रे आहेत. खेळाडू थांबतो, कळ दाबतो आणि देवतेची कथा ऐकतो. चित्रे देखणी आहेत, कथाही रंजक आहेत. पण कथा ऐकल्याने पुढील लढाईत काहीही बदलत नाही. ऐकली नाही, तरी काही अडत नाही. देवीच्या पराक्रमाची कथा ऐकून तिच्या शत्रूच्या स्वभावाचे एखादे मर्म कळावे व ते पुढे उपयोगी पडावे, अशी रचना येथे नाही. पुराण भिंतीवर राहते आणि खेळ अंगणात चालतो. दोहोंमध्ये दार उघडत नाही.

लढाईची मांडणीही लवकरच ओळखीची होते. खेळाडू एका प्रांगणात शिरतो, वाट बंद होते, असुर प्रकटतात, ते संपल्यावर वाट उघडते. या क्रमाची पुनरावृत्ती होत राहते. त्रिशूळ, धनुष्य, ढाल-तलवार अशी आयुधे टप्प्याटप्प्याने मिळतात आणि त्यांच्यासोबत दैवी शक्तीही येतात. परंतु त्या शक्तींसाठी मिळवलेले गुण हवे तेव्हा काढून दुसरीकडे लावता येतात. सोय म्हणून हे स्वागतार्ह असले, तरी त्यामुळे वरदानाला किंमत उरत नाही. भारतीय पुराणांत वर आणि त्याची अट ही जोडी क्वचितच सुटते. हिरण्यकशिपूच्या कथेचा सारा ताण वरातील अटींवर उभा आहे. वर जितका मोठा, तितकी त्यातली फट निर्णायक. हे नाट्य नियमांत उतरवता येण्याजोगे होते. किंबहुना नियम आणि पळवाट हाच ज्या कथेचा आशय आहे, तिला खेळाहून योग्य माध्यम कोणते? ‘राजी’त ही संधी वापरली गेलेली नाही.

कॅमेरा खेळाडूच्या हाती नसल्याने काही उड्यांचे अंतर नीट कळत नाही, ही तांत्रिक अडचण आहे. वर्तुळाकार तुकडे फिरवून चित्र जुळवण्याची कोडी डोळ्यांना सुखावतात, पण बुद्धीला फारसे आव्हान देत नाहीत. शेवट अधिक खटकतो. काही तासांच्या प्रवासानंतर कथा एकाएकी थांबते आणि ज्या भावासाठी सारा खटाटोप केला, त्याच्या शोधाला समाधानकारक पूर्तता मिळत नाही. पुढील भागाची अपेक्षा निर्माण करणे वेगळे आणि हाती घेतलेल्या भावनेला उत्तर न देणे वेगळे.

६. तौलनिक विचार

ही अपेक्षा अवास्तव नाही, हे दाखवण्यास तीन उदाहरणे पुरेशी आहेत.

२००३ मधील ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सॅन्ड्स ऑफ टाइम’ हा भिंतीवरून धावण्याच्या कसरतींच्या बाबतीत ‘राजी’चा पूर्वज म्हणता येईल. त्यात राजपुत्र स्वतःची कथा सांगत असतो. खेळाडूच्या चुकीने तो मेला, तर निवेदक राजपुत्र असे घडलेच नव्हते म्हणून स्वतःची चूक दुरुस्त करतो. शिवाय काळ मागे फिरवण्याची शक्ती खेळाडूच्या हातात असते आणि घडलेली चूक पुसता यावी ही कथेतील राजपुत्राची तळमळही तीच आहे. ‘राजी’तील दुर्गा आणि विष्णू यांचे निवेदन मात्र ठरलेल्या टप्प्यांवर येते, खेळाडूच्या पडण्या-उठण्याशी त्याचा संबंध जुळत नाही.

दुसरे उदाहरण भावंडांच्याच कथेचे आहे. २०१३ मधील ‘ब्रदर्स : अ टेल ऑफ टू सन्स’मध्ये नियंत्रकाच्या एका बाजूने थोरला भाऊ चालतो आणि दुसऱ्या बाजूने धाकटा. धाकटा पाण्याला भितो. थोरल्याच्या पाठीवर बसूनच तो पाणी ओलांडतो. थोरला मरण पावतो. नंतर एकट्याने पाणी ओलांडण्याची वेळ येते, तेव्हा खेळाडूला थोरल्याच्या बाजूची कळ दाबावी लागते आणि धाकटा पोहू लागतो. भावाचे नसणे व तरीही सोबत असणे येथे एकाही वाक्यावाचून बोटांना कळते. याउलट ‘राजी’मध्ये गोलूचा विरह निवेदनातून कळतो, हातांना जाणवत नाही. गोलू बाहुल्या नाचवणारा आहे. त्याची ही कला राजीच्या कृतीत कोठेतरी उतरली असती, तर छायाबाहुल्यांची शैली अलंकार न राहता आशय झाली असती.

अल्प साधनांचा मुद्दा येथे उपस्थित होणे स्वाभाविक आहे. लहान चमू, अपुरा निधी, देशात अशा निर्मितीची तुटपुंजी परंपरा, हे सारे खरे आहे आणि शत्रूंतील वैविध्य किंवा खेळाची लांबी यांचा न्याय करताना ते ध्यानात घेतलेच पाहिजे. तथापि कृतीतून आशय घडवणे हे केवळ पैशाचे काम नाही. लुकास पोप यांनी एकट्याने रचलेला ‘पेपर्स, प्लीज’ (२०१३) हा खेळ सीमेवरील टेबल, कागदपत्रे आणि शिक्के एवढ्यावर उभा आहे. घरच्यांच्या पोटासाठी भराभर शिक्के मारावेत की समोरच्या माणसाची कहाणी ऐकावी, हा पेच खेळाडू दर मिनिटाला अनुभवतो. तेथे दृश्यवैभव नाही. निवडीचे ओझे आहे.

७. निष्कर्ष

‘राजी’ची बलस्थाने प्रामुख्याने पाहण्याच्या आणि ऐकण्याच्या अंगाची आहेत, तिच्या मर्यादा करण्याच्या अंगाच्या आहेत. मात्र खांबाभोवती गिरकी घेणारी राजी हा या विधानाला सन्माननीय अपवाद आहे आणि तोच सर्वांत महत्त्वाचा पुरावाही आहे. पात्राचे पूर्वायुष्य, सभोवतालची वास्तू आणि खेळाडूची कृती एकजीव करणे या निर्मात्यांना साधते, हे त्यातून सिद्ध होते. कसरतीच्या बाबतीत जे साधले, ते वरदान, बाहुली आणि भावंडांचा विरह यांच्या बाबतीत साधले नाही.

पुराणकथांवर आधारलेल्या खेळांपुढचा खरा प्रश्न यातून स्पष्ट होतो. देवतांची नावे, मंदिरांची शिखरे आणि आयुधांचे आकार घेतल्याने खेळ पाहण्याजोगा होतो. परंतु वर, शाप, प्रतिज्ञा आणि त्यांची किंमत ही पुराणांची आंतरिक रचना नियमांत उतरली, तर तो खेळण्याजोगा होईल. आपला म्हणून केलेल्या कौतुकापेक्षा या भेदाची स्पष्ट जाणीव करून देणारी समीक्षा अशा निर्मितीला अधिक उपकारक ठरेल. ‘राजी’ ही त्या चर्चेची भक्कम सुरुवात आहे आणि तिच्या उणिवांचीही गंभीरपणे दखल घ्यावी, एवढी तिची योग्यता निश्चित आहे.