कार्बनयुक्त अशनींतील अमिनो आम्ले : पुरावा आणि अन्वयार्थ

प्रस्तावना :
कार्बनयुक्त अशनींमध्ये अमिनो आम्ले आढळतात, ही बाब आता वादातीत आहे. तथापि याच शोधाच्या आधारे ‘जीवसृष्टीचे बीज अंतराळातून आले’ असे विधान सर्रास केले जाते, तेव्हा तीन भिन्न प्रश्नांची गल्लत होते. ही आम्ले खरोखर अंतराळातील आहेत काय? ती कशी निर्माण झाली? आणि पृथ्वीवरील जीवसृष्टीशी त्यांचे नाते कोणते? या तीन उत्तरांमागील पुरावा सारख्याच बळाचा नाही, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१) उगमाचा प्रश्न :
या क्षेत्रात संशय अनाठायी नव्हता. १८६४ साली फ्रान्समध्ये पडलेल्या ऑर्गेई अशनीच्या एका तुकड्यात वनस्पतीच्या बिया मुद्दाम चिकटविल्याचे १९६४ साली उघडकीस आले. पुढे २८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियातील मर्चिसन येथे अशनी पडली आणि तिचे ताजे तुकडे अभ्यासकांच्या हाती आले. १९७० मध्ये क्वेनव्होल्डेन, पोन्नमपेरुमा व सहकाऱ्यांनी तिच्यातील अमिनो आम्लांची नोंद केली. त्यांपैकी काही आम्ले सजीवांच्या प्रथिनांत आढळत नाहीत. शिवाय डाव्या व उजव्या हातांप्रमाणे परस्परांची प्रतिबिंबे असणारी वामरूपे व दक्षिणरूपे जवळजवळ समप्रमाणात होती. सजीवांच्या प्रथिनांत मात्र वामरूपेच असतात. पुढे जड हायड्रोजन व जड कार्बन या समस्थानिकांचे वाढीव प्रमाणही दिसून आले. सबब, पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्ध होकारार्थी आहे.

२) निर्मितीचा प्रश्न :
स्ट्रेकर यांनी १८५० साली वर्णिलेली अभिक्रिया येथे प्रामुख्याने सांगितली जाते. अशनीच्या जनक लघुग्रहात बर्फ वितळून पाणी झाले. त्यात अल्डिहाइड वा कीटोन, अमोनिया आणि हायड्रोजन सायनाइड यांच्या संयोगातून अल्फा अमिनो आम्ले तयार झाली. त्याच मिश्रणातून अपेक्षित असणारी हायड्रॉक्सी आम्लेही मर्चिसनमध्ये सापडली, हा या उपपत्तीचा मोठा आधार होय. परंतु बीटा-ॲलानिनसारख्या आम्लांचा उलगडा तिने होत नाही. ऑर्गेईमध्ये तर ग्लायसिनबरोबर याच आम्लाचे प्राबल्य आहे. २००२ साली प्रयोगशाळेत अंतरतारकीय बर्फाच्या प्रतिकृतीवर अतिनील किरण सोडले असता अमिनो आम्ले मिळाली, म्हणजे द्रवरूप पाण्यावाचूनही मार्ग संभवतो. म्हणून एकाच अभिक्रियेवर सर्व भार टाकणे सयुक्तिक नाही.

३) वामरूपाच्या आधिक्याचा प्रश्न :
खरी कसोटी येथे लागते. १९८२ साली एंगेल व नागी यांनी मर्चिसनमधील प्रथिनांतील काही आम्लांत वामरूपाचे आधिक्य असल्याचे सांगितले; १९८३ साली इतर अभ्यासकांनी त्यामागे पृथ्वीवरील दूषितीकरणाची शंका उपस्थित केली. क्रोनिन व पिझारेलो यांनी १९९७ मध्ये जीवसृष्टीत दुर्मीळ असलेली आम्ले निवडून हा आक्षेप टाळला. आयसोव्हॅलिन हे त्यांपैकीच एक. २००९ मध्ये ग्लॅव्हिन व ड्वर्किन यांना मर्चिसनमध्ये त्याचे सुमारे १८ टक्के आधिक्य आढळले आणि लघुग्रहावरील पाण्याच्या क्रियेशी त्याचा संबंध जोडला गेला.

येथवर सजीवांच्या ‘वामप्रियते’चे मूळ अंतराळात असावे, असे मानण्यास वाव होता. तथापि पृथ्वीच्या स्पर्शापासून जपून आणलेल्या नमुन्यांनी ही साखळी सैल केली. २०२० मध्ये आलेल्या र्‍युगूच्या आणि २०२३ मध्ये आलेल्या बेन्नूच्या नमुन्यांत दोन्ही रूपे जवळपास समसमान आढळली. प्रथिनांतील २० पैकी १४ अमिनो आम्ले बेन्नूमध्ये असूनही वामरूपाकडे कल नाही, ही गोष्ट विशेष लक्षणीय आहे. अर्थात दोन लघुग्रहांवरून मर्चिसनचा पुरावा रद्द होत नाही. मात्र त्यावरून सार्वत्रिक नियम काढता येत नाही, एवढे निश्चित.

निष्कर्ष :
अंतराळात अमिनो आम्ले बनतात हे सिद्ध आहे. ती एकाहून अधिक मार्गांनी बनत असावीत हे संभाव्य आहे. त्यांच्यापासून जीवसृष्टी उद्भवली हे अद्याप केवळ अनुमान आहे. वीट सापडली म्हणजे घराचा आराखडा सापडला असे होत नाही. अध्यापन करताना सिद्ध, संभाव्य आणि अनुमानित यांतील ही पायरी पुसली गेली, तर विद्यार्थ्याला माहिती मिळेल. पण विज्ञानाची पद्धत मिळणार नाही.