ध्वनिसंचातील सर्वांत महत्त्वाचा घटक कोणता?

घरी गाणी ऐकण्यासाठी ध्वनिसंच घ्यायचा ठरला, की प्रश्न येतो : जास्त पैसे कशावर घालावेत? याचे एक जुने उत्तर आहे, 'उगमावर'. कॅसेट किंवा सीडी वाजवणाऱ्या यंत्रातच जे हरवले, ते पुढचा अँप्लिफायर वा स्पीकर परत आणू शकत नाही, असा त्यामागचा युक्तिवाद. विधान खरे आहे. निष्कर्ष मात्र तपासायला हवा.

साखळीतील एखादी कडी पहिली आहे, म्हणून ती सर्वांत कमजोर ठरत नाही. आवाजात सर्वांत जास्त बिघाड कोणती कडी करते, हे मोजूनच ठरवावे लागते. तबकडी आणि कॅसेटच्या काळात उगमाकडे बोट दाखवणे रास्त होते. फितीची सरसर आणि वेगातील चढउतार कानाला जाणवत. १९८२ मध्ये सीडी आली आणि चित्र पालटले. साधा सीडी प्लेअर किंवा बरा अँप्लिफायर ऐकू येणाऱ्या जवळजवळ सर्व वारंवारतांना सारखेच वागवतो. फरक एक डेसिबलच्या आतच राहतो. स्पीकरमध्ये तोच फरक अनेक डेसिबलचा असतो. विजेचे रूपांतर हवेच्या कंपनात करणे हे काम अवघड आहे. घरगुती स्पीकर मिळालेल्या विद्युतशक्तीपैकी शेकडा एकाच्या आसपासच ध्वनीत उतरवतो. बाकीची उष्णता होते.

मग स्पीकर सर्वांत महत्त्वाचा? यंत्रांपुरते बोलायचे तर होय. पण दुकानात न मिळणारा एक घटक उरतोच : खोली. विजापूरचा गोल घुमट पाहिलेल्या विद्यार्थ्यांना हे पटेल. तिथे बोलणाऱ्याचा गळा कितीही चांगला असो, शब्द घुमून एकमेकांत मिसळतात. उगम निर्दोष, तरी ऐकणे कठीण.

१८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातील एका नव्या व्याख्यानगृहात हीच तक्रार होती. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून तिथे मांडल्या आणि निनाद किती कमी होतो, हे रात्री शांततेत मोजले. त्यातून निघालेले सूत्र सोपे आहे : निनादकाल (सेकंद) = ०.१६१ × घनफळ ÷ शोषण.

दुधनीतील एक खोली कल्पू : लांबी ४ मीटर, रुंदी ३, उंची ३. खाली शहाबादी फरशी (दुधनीच्याच लोहमार्गावर पुढे शहाबाद आहे), भोवती गिलाव्याच्या भिंती. घनफळ ३६ घनमीटर, सर्व पृष्ठभाग ६६ चौरस मीटर. असे कठीण पृष्ठभाग ध्वनीचा सुमारे ३ टक्के भाग शोषतात असे धरल्यास एकूण शोषण २ चौरस मीटर आणि निनादकाल २.९ सेकंद. गाद्या, वाकळी आणि माणसे येऊन शोषण ८ झाले, की तो ०.७ सेकंदावर येतो. संच तोच, खर्च शून्य.

इथेही अतिरेक नको. भिंतीला चिकटवलेली सोलापुरी चादर फक्त उंच स्वर थोडे शोषते. भिंतीपासून अंतर ठेवून चुण्या पाडून टांगली तर जास्त. खर्जाला ती जुमानत नाही. ४ मीटर लांबीच्या खोलीत सुमारे ४३ हर्ट्झचा स्थिर तरंग तयार होतो आणि स्पीकर कोपऱ्यात असला तर खर्ज घुमतो. उपाय चादर नव्हे. स्पीकर कोपऱ्यातून पुढे ओढणे. म्हणून आमचा क्रम असा : आधी खोली आणि मांडणी, मग स्पीकर, नंतर बाकीचे. ध्वनिमुद्रणच वाईट असेल तर मात्र कोणताही क्रम उपयोगाचा नाही.

शिक्षकांना हे सूत्र वर्गातही वापरता येईल. मुले वर्गखोलीची मापे घेऊन निनादकाल काढू शकतील. रिकाम्या आणि भरलेल्या वर्गात टाळी वाजवून फरक ऐकू शकतील. दुधनी सीमेवरचे गाव. घरी कन्नड बोलणाऱ्या आणि शाळेत मराठीतून शिकणाऱ्या मुलाला 'त' आणि 'थ' यांतील फरक कानानेच पकडायचा असतो. शेवटच्या बाकावर तो निनादात बुडाला, तर त्या मुलाला मंद समजण्याआधी खोलीचे शोषण मोजावे.