‘संध्याछाया’तील दूरस्थ पुत्र आणि कायम निवासाचा हक्क : एक पुनर्विचार

जयवंत दळवी यांचे ‘संध्याछाया’ हे नाटक १९७३ मध्ये विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. अमेरिकेत स्थिरावलेल्या दिनूची वाट पाहणारे नाना-नानी मराठी वाचकास परिचित आहेत. वर्गात हे नाटक शिकविताना दिनूचे दूर राहणे बहुधा ‘कृतघ्नता’ या एकाच शब्दात बसविले जाते. प्रस्तुत लेखात या अर्थनिर्णयाची मर्यादा तपासली आहे.

१९६५ च्या स्थलांतर कायद्यामुळे भारतीय डॉक्टर व अभियंते यांना अमेरिकेच्या ‘ग्रीन कार्ड’चा मार्ग सुलभ झाला. या हक्कातील ‘कायम’ हे विशेषण मात्र फसवे आहे. पुनर्प्रवेशाचा परवाना न घेता वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिल्यास हा हक्क धोक्यात येतो. ग्रीन कार्डधारकास पती-पत्नी व अविवाहित अपत्ये यांच्यासाठी अर्ज करता येतो; आईवडिलांसाठी करता येत नाही. त्यासाठी अमेरिकेचे नागरिकत्व घ्यावे लागते आणि भारताच्या १९५५ च्या कायद्यानुसार ते स्वेच्छेने स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपते. ‘ओसीआय’ची सोय पुढे २००५ च्या दुरुस्तीने व्यापक झाली, तीतही मताधिकार नाही. म्हणजेच आईवडिलांना कायमचे जवळ न्यायचे तर मायदेशाचे नागरिकत्व सोडावयाचे, असा हा पेच आहे.

दळवींचे नाटक वृद्धांच्या घरातून जगाकडे पाहते. ती त्याची मर्यादा नसून सामर्थ्य आहे. दोष आहे तो त्या दृष्टिकोनालाच अंतिम निवाडा मानणाऱ्या समीक्षेचा. अपर्णा वेलणकर यांच्या ‘फॉर हिअर, ऑर टू गो?’ या पुस्तकात अमेरिकेस गेलेल्या मराठी माणसांची बाजू विस्ताराने आली आहे. हे पुस्तक नाटकाशेजारी ठेवून वाचले असता निवाडा देण्याची घाई कमी होते.

अर्थात, कायद्याने पत्र लिहिण्यास वा भेटीस येण्यास मज्जाव केलेला नाही. कायदा दिनूला निर्दोष ठरवीत नाही. त्याची निवड कोणत्या चौकटीत झाली, एवढेच तो दाखवितो.

जळगाव-धुळे परिसरातील विद्यार्थ्यांसाठी ही चौकट परकी नाही. परदेशी स्थायिक झालेल्या मुलास वडिलोपार्जित शेत वारसाहक्काने मिळू शकते. परंतु सर्वसाधारण नियमानुसार नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. घराशी असलेले नाते येथेही भावनेइतकेच कागदावर ठरते.

निष्कर्षतः, ‘संध्याछाया’चे अध्यापन करताना भावनेबरोबर हक्कांचाही विचार व्हावा. त्याने नाना-नानींची व्यथा कमी होत नाही. उलट, केवळ मुलाच्या सद्भावनेने ती मिटली नसती, हे कळून ती अधिक गडद होते.