‘चॅरियट्स ऑफ फायर’ : धाव, व्रत आणि गुरुऋण

१९८१ साली निघालेला ‘चॅरियट्स ऑफ फायर’ हा इंग्रजी चित्रपट आम्ही नुकताच पुन्हा एकवार पाहिला. ह्यू हडसन यांचे दिग्दर्शन, कॉलिन वेलंड यांची पटकथा आणि व्हँगेलिस यांचे संगीत लाभलेल्या या कृतीस उत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले, व ते अस्थानी गेले असे आम्ही म्हणणार नाही. परंतु दृश्याने भारून गेल्यावरही साक्ष तपासून पाहावयाची, ही वकिली पेशाची खोड आहे. ती तपासता, चित्रपटाने एका गुरूस न्याय दिला आणि दुसऱ्याचा पुरावा दप्तरातच ठेवला, असे आमचे मत झाले.

कथा १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकची. केंब्रिजच्या कीज कॉलेजचा हॅरल्ड अब्राहम्स हा ज्यू तरुण, आणि एडिंबरो विद्यापीठाचा एरिक लिडेल हा मिशनरी घराण्यातील, असे दोन विद्यार्थी तिचे नायक आहेत. अब्राहम्स सॅम मुसाबिनी नावाच्या धंदेवाईक शिक्षकाकडे शिकतो. धावेचा प्रारंभ कसा करावा, पाऊल किती लांब टाकावे, शरीर कसे धरावे, याचा काटेकोर अभ्यास येथे दिसतो. मग दोन कॉलेजांचे प्रमुख त्यास बोलावून सौम्य शब्दांत दूषण देतात. सभ्य गृहस्थाने जिंकावे, पण जिंकण्यासाठी मोल देऊन विद्या घ्यावी हे त्यांस रुचत नाही. आमच्या मते हा प्रसंग चित्रपटाचा मुकुटमणी होय.

त्या सभ्यतेच्या मुळाशी काय होते? हेन्लीच्या नौकाशर्यतींच्या १८७९ च्या नियमांत कारागीर व मजूर यांस हौशी खेळाडू मानलेच जात नसे. ज्याला पोटासाठी हात चालवावे लागत नाहीत, त्याचाच खेळ निर्मळ! आमच्या पेशातही हेच सोंग होते. इंग्लंडातील बॅरिस्टराची फी म्हणजे केवळ मानधन. ती बुडाली तर दावा लावण्याची त्यास मुभा नव्हती. पैसा घ्यावयाचा, पण घेतला असे दिसू द्यावयाचे नाही. अब्राहम्स स्वतः कायद्याचाच विद्यार्थी होता, हा योगायोग आम्हांस मौजेचा वाटतो.

तथापि येथेही पटकथेने रंग गडद केला आहे. केंब्रिजच्या धावपटूंस अलेक नेल्सन हा धंदेवाईक शिक्षक शिकवीत असेच. ट्रिनिटी कॉलेजच्या चौकात घड्याळाचे बारा ठोके पडेतो फेरी पुरी करण्याची शर्यतही अब्राहम्सने कधी जिंकलेली नाही. तो पराक्रम १९२७ साली लॉर्ड बर्ली यांनी केला. नाट्यासाठी एवढी सवलत आम्ही देऊ.

लिडेलच्या बाबतीत मात्र सवलत देता येत नाही. शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी असल्याने त्याने ती सोडली, हे खरे. वार पाळणाऱ्या, व्रत मोडण्यापेक्षा लाभ सोडणाऱ्या आमच्या वाचकांस त्याचे मोल निराळे सांगावयास नको. परंतु चित्रपटात ही वार्ता त्यास जहाजावर चढताना कळते. वस्तुतः ती त्यास कित्येक महिने आधी ठाऊक होती, आणि तो मधला काळ त्याने चारशे मीटरच्या सरावात घालविला. एडिंबरोत त्याला तयार करणारा टॉम मकेर्चर हा शिक्षक तर चित्रपटातून जवळजवळ लुप्तच आहे. महिने गेले, गुरू गेला, आणि ४७.६ सेकंदांचा तो विश्वविक्रम आकाशातून पडलेल्या प्रसादासारखा दिसू लागला.

आमचा आक्षेप येथे आहे. अब्राहम्सचा विजय विकत घेतलेल्या विद्येचा आणि लिडेलचा विजय ईश्वरी कृपेचा, अशी सोयीस्कर वाटणी केल्याने कृपेचा मान वाढत नाही. साधनेचा मात्र घटतो. लिडेलची श्रद्धा त्याच्या सरावाने उणी होत नाही. उलट, देवासाठी शंभर मीटर सोडणाऱ्याने देवासाठीच चारशे मीटरचा घाम गाळला, हे अधिक थोर नव्हे काय?

हा दोष परक्यांपुरता नाही. आमच्या देवळांच्या उत्सवांत एखाद्याचे गाणे रंगले की ‘देवाची देणगी’ म्हणून आम्ही माना डोलावतो; ज्या पखवाजियाने वर्षानुवर्षे त्याचा ताल घासून घेतला, तो मंडपाच्या कडेला बिदागीसाठी ताटकळत असतो. बिदागी मागितली म्हणून त्याची विद्या हलकी, असे आम्ही उघड बोलत नाही. पण वागतो तसेच. केंब्रिजच्या त्या दोन वृद्धांस हसण्याचा अधिकार आम्हांस कितपत आहे?

चित्रपटात अब्राहम्सने १०.६ सेकंदांत शर्यत जिंकल्यावर मुसाबिनी मैदानाबाहेर, खोलीच्या खिडकीतून वर चढणारा ध्वज पाहतो आणि एकटाच आनंदाने आपली हॅट फोडतो. ते दृश्य पाहताना आमचे डोळे पाणावले. मकेर्चरच्या वाट्याला तेवढी खिडकीही आली नाही. चित्रपट अवश्य पाहावा. पाहताना त्या न दिसणाऱ्या माणसाचीही आठवण ठेवावी.