यिद्दिशचे ग्रंथ आणि त्यांचे वाचक

ग्रंथ जतन करणें आणि त्यांचे वाचक निर्माण करणें हीं दोन निराळीं कार्यें आहेत. इंटरनेटच्या आश्रयानें यिद्दिश भाषेचा जो अभ्यास अलीकडे वाढला आहे, त्याचें मोल ठरवितांना हा भेद ध्यानांत ठेवावयास हवा.

यिद्दिश ही पूर्व युरोपांतील यहुद्यांची मातृभाषा. तिची घडण मुख्यतः जर्मन, लिपि हिब्रू, आणि शब्दसंग्रहांत हिब्रू व स्लाव्ह भाषांची भर. आपल्या कोंकणांतील बेने इस्रायल मराठी बोलतात. त्यामुळें यहुद्यांची भाषा म्हणजे हिब्रूच, असा समज निदान आपल्या वाचकांचा तरी नसावा. दुसऱ्या महायुद्धापूर्वीं यिद्दिश बोलणारे एक कोटीहून अधिक होते. त्यांतील लक्षावधि लोक नाझींच्या संहारांत बळी पडले. सोव्हिएत सत्तेनें १९५२ सालीं कित्येक नामांकित लेखकांना देहान्त शासन दिलें. अमेरिकेंत पुढील पिढीनें इंग्रजी पत्करली. पुस्तकें मागें राहिलीं, तीं कोणी उघडीना.

१९८० सालीं अ‍ॅरन लान्स्की यांनीं अमेरिकेंत यिद्दिश ग्रंथकेंद्र स्थापिलें. फार तर सत्तर हजार प्रती हातीं लागतील असा जाणत्यांचा अंदाज होता; मिळाल्या दहा लक्षांहून अधिक. आज त्यांपैकीं अकरा हजारांवर ग्रंथ कोणासही घरबसल्या विनामूल्य वाचतां येतात. यिवो ही संस्था १९२५ सालीं विल्ना येथें निघाली व १९४० मध्यें न्यूयॉर्कला गेली. तिच्या विल्ना येथील कागदपत्रांपैकीं कांहीं भाग अब्राहाम सुत्सकेव्हर या कवीनें व त्याच्या सोबत्यांनीं नाझींच्या डोळ्यांत धूळ टाकून लपविला होता. तो विखुरलेला संग्रह आतां चाळीस लक्षांहून अधिक पृष्ठांच्या छायाप्रतींच्या रूपानें एकत्र आला आहे. हें काम २०२२ सालीं पुरें झालें.

या उद्योगाची थोरवी निर्विवाद आहे. परंतु साधनें वाढलीं म्हणजे विद्या वाढलीच, असें होत नाहीं. यंत्र मागितलेला शब्द शोधून देतें. यिद्दिशचें लेखन मात्र एकरूप नाहीं. यिवोनें आपले लेखननियम १९३७ सालीं प्रसिद्ध केले; सोव्हिएत मुद्रक तर हिब्रूंतून आलेले शब्दही उच्चाराप्रमाणें छापीत. एकाच रूपाचा शोध घेणाऱ्यास विल्नाचा लेखक सांपडेल आणि मॉस्कोचा निसटेल. जें सांपडलें नाहीं तें लिहिलेंच गेलें नाहीं, असा ग्रह होणें हा या साधनाचा मोठा धोका होय. शिवाय शब्दापुरता उतारा काढून घेणारा अभ्यासक कादंबरी पुरी वाचीलच, याची खात्री कोणी द्यावी?

दुसरें न्यून याहून गंभीर आहे. ब्रुकलिन व जेरुसलेम येथील हसिदी कुटुंबांत यिद्दिश आजही मुलांच्या तोंडीं आहे. पण त्यांच्यांतील पुष्कळजण धर्मदृष्ट्या इंटरनेटपासून दूर राहतात. म्हणून पडद्यावर दिसणारी यिद्दिश बव्हंशीं गतकालीन साहित्यिकांची असते. तीच संपूर्ण भाषा मानणें हा जिवंत बोलणारांवर अन्याय होईल.

‘इन गेवेब’ हें २०१५ सालीं निघालेलें ऑनलाइन नियतकालिक आम्हांस विशेष मोलाचें वाटतें, तें याच कारणासाठीं. त्यांत संशोधनपर निबंधांबरोबर अनुवाद असतात आणि भाषा शिकवावी कशी याचीही चर्चा असते. त्याच्या संपादनाची धुरा वाहिलेल्या जेसिका कर्झेन यांनीं मिरियम कार्पिलोव्ह यांची १९१६ ते १९१८ या काळांत वृत्तपत्रांतून क्रमशः आलेली कादंबरी इंग्रजींत आणली. एका एकाकी तरुणीची ती रोजनिशी शतकानंतर नव्या वाचकांच्या हातीं पडली. असें काम यंत्रानें होत नाहीं. त्याला भाषा जाणणारें माणूस लागतें. छायाप्रतींसाठीं वेंचलेल्या द्रव्याचा थोडासा वांटा अशीं माणसें शिकवून तयार करण्याकडे वळला, तरच सुत्सकेव्हरनें पत्करलेल्या धोक्याचें चीज होईल.