आभाळ, सावकार आणि सरकारी कागद

माझी कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर आमच्या तालुक्याच्या गावी, सार्वजनिक वाचनालयाच्या माडीवर, तिच्यावर एक लहानशी चर्चा झाली. असे समारंभ कसे पार पडतात हे वाचकांना सांगावयास नको. अध्यक्षांनी 'मातीचा वास' हे शब्द तीनदा उच्चारले, एका प्राध्यापकांनी कादंबरीतील गारपिटीचे वर्णन वाचून दाखविले, आणि मी मान खाली घालून, पण कान टवकारून, ते सारे ऐकले. शेवटी मागच्या बाकावरचा एक शेतकरी उठला. कांदा पिकवणारा, आमच्याच शिवारातला. तो म्हणाला, "गुरुजी, पुस्तक चांगलं आहे. एकच विचारतो. तुमचा आबा गारपिटीनं बुडाला. पण त्या साली गारा पडल्या त्या पलीकडच्या गावांत. आपलं शिवार सुटलं होतं. आपण बुडालो ते पुढं डिसेंबरात, माल चांगला असताना. ते पुस्तकात का नाही?"

इतका नेमका प्रश्न मला एकाही परीक्षणकर्त्याने विचारला नव्हता. मी त्या वेळी 'कलावंताचे स्वातंत्र्य' वगैरे काहीतरी गुळमुळीत बोललो. चहा झाला, मंडळी पांगली. पण प्रश्न काही पांगला नाही. तो केवळ माझ्या कादंबरीपुरता नाही, आपल्या एकंदर ग्रामीण कादंबरीलाच तो विचारता येईल, असे मला वाटू लागले. म्हणून हा लेख. अर्थशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. मी शाळेत मुलांना हिशेब शिकवतो आणि सुटीत कादंबऱ्या लिहितो, एवढाच माझा अधिकार.

प्रथम हकीकत सांगतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पावसाने ओढ दिली. लाल कांद्याच्या लागणी लांबल्या, शहरांत कांदा महागणार हे दिसू लागले. १९ ऑगस्टला केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क बसविले. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलर हा किमान निर्यातदर ठरला. आणि ८ डिसेंबरपासून निर्यात बंदच झाली. ती उठली ४ मे २०२४ रोजी, तीही टनाला ५५० डॉलर किमान दर आणि चाळीस टक्के शुल्क ठेवून. ते शुल्क पुढे वीस टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ रोजी पुरते गेले.

आता लाल कांद्याचा स्वभाव असा, की तो टिकत नाही. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने दम धरतो. लाल कांदा काढला की विकावाच लागतो. म्हणजे बंदी आली ती बरोबर अशा वेळी, की ज्या वेळी शेतकऱ्याच्या हातात थांबण्याची ताकद नव्हती. माझ्या थोरल्या भावाने, आमच्या दादाने, पहिली ट्रॉली नोव्हेंबरात विकली. भाव चढता होता, म्हणून दुसरी आठ दिवस मागे ठेवली. ती बाजारात गेली तेव्हा बंदी लागू झाली होती. चार दिवस लिलाव बंद होते. लिलाव सुरू झाल्यावर त्याच प्रतीच्या मालाला आदल्या खेपेच्या जवळजवळ निम्मा भाव मिळाला. हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा जाऊन हातात आलेली पट्टी त्याने खिशातून काढून मला दाखविली नाही, वहिनींनी दाखविली.

हे सारे मला ठाऊक होते. तरी कादंबरी लिहिताना मी आबाच्या रानावर गारा पाडल्या. का पाडल्या? कारण गारपीट एका रात्रीत होते. तिला आवाज असतो. पत्र्यावर गारा वाजतात, बायका बाहेर धावतात, सकाळी पांढरे झालेले रान दिसते. चार पाने सहज लिहून होतात आणि प्राध्यापक ती वाचून दाखवतात. उलट दिल्लीत निघालेली अधिसूचना संध्याकाळी मोबाईलवर येते. त्या वेळी बाहेर चांदणे पडलेले असते, रानात पीक डोलत असते, म्हैस रवंथ करीत असते. काहीच घडलेले नसते आणि सर्व घडून गेलेले असते. हे लिहावयाचे कसे, ते मला माहीत नव्हते. म्हणून मी माहीत असलेले लिहिले.

मराठी ग्रामीण कादंबरीचे बरेचसे असेच झाले आहे, हे माझे म्हणणे. आपल्याकडे शेतकऱ्याचे दोन शत्रू पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेले: वर आभाळ आणि खाली सावकार. एकाला तोंड नसते, दुसऱ्याला नको तितके असते. दोन्ही लेखकाच्या सोयीचे. तिसरा जो हात आहे, जो भाव ठरवितो, निर्यात उघडतो आणि मिटतो, साठ्याला मर्यादा घालतो, तो आपल्या पानांवर क्वचितच उमटतो.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घ्या. एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो, त्यांच्यातला एक होऊन जातो, आणि शेवटी दुष्काळाने वाडी उठते. या कादंबरीला मी बोट लावणार नाही. तिचा दुष्काळ खरा आहे, कारण ती माणदेशाची आहे, आणि तिचा काळ औंध संस्थानचा आहे. पण गंमत पाहा. 'बनगरवाडी' पुस्तकरूपाने आली ती १९५५ साली; आणि त्याच १९५५ साली संसदेने अत्यावश्यक वस्तूंचा कायदा केला. धान्य, डाळी, तेल यांचा साठा, भाव आणि वाहतूक यांवर सरकारचा हात ठेवणारा हा कायदा. पुढे १९६५ साली भारतीय अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग आले. म्हणजे ज्या काळात आम्ही माडगूळकरांपासून दुष्काळ लिहावयास शिकत होतो, त्याच काळात शेतकऱ्याचे नशीब आभाळातून उतरून थोडेथोडे कागदावर येत होते. माडगूळकरांचा दोष नाही. दोष आम्हा मागून आलेल्यांचा, की कथेला शेवट सापडला नाही म्हणजे आम्ही त्यांचा पाऊस बंद करतो.

अपवाद आहेत. आनंद यादवांच्या 'गोतावळ्या'त (१९७१) ट्रॅक्टर येतो आणि नारबाचा जनावरांचा गोतावळा उठतो. यांत्रिक शेतीचे धोरण एका गड्याच्या पोटात कसे शिरते, ते तेथे एकही भाषण न करता दिसते. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'मध्ये (२००२) शिकलेला एकनाथ आहे, नोकरीसाठी मोजावे लागणारे पैसे आहेत, आणि शेती सोडवत नाही व परवडत नाही अशी कोंडी आहे. आणि या साऱ्यांच्या आधी महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' आहे, १८८३ सालचा. तो कादंबरी नव्हे. पण साऱ्याची पट्टी, लोकल फंड, जंगलखात्याने अडविलेली कुरणे, मिठावरचा कर, कोर्टकचेरीचा खर्च हे सारे जोतीराव एकेक करून मांडतात. आणि त्याच पुस्तकात शेतकऱ्याच्या घरात शिरून तेथली भांडीकुंडी, अंथरूण आणि ताटातले अन्नही दाखवितात. कागद आणि चूल ही दोन्ही त्यांना एकाच वेळी दिसत होती. आम्ही त्यांतली चूल तेवढी घेतली.

'अहो, पण भावाची आणि कायद्याची का कधी कादंबरी होते?' असे कोणी विचारील. तर झालेली आहे. बिभूतिभूषण बंदोपाध्यायांची 'अशनि संकेत' ही १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावरील कादंबरी. सत्यजित राय यांच्या १९७३ च्या चित्रपटामुळे तिची कथा पुष्कळांना ठाऊक आहे. तिच्यातही एक मास्तरच आहे: गंगाचरण, खेड्यात शाळा चालविणारा आणि पौरोहित्य करणारा ब्राह्मण. येथे आभाळ कोपत नाही. रान हिरवे आहे, तळी भरलेली आहेत. कोठेतरी दूर युद्ध चालले आहे, ते कोठे हे गावाला नीट माहीतही नाही. वाढतो तो फक्त तांदळाचा भाव. आज इतका, आठ दिवसांनी तितका, मग दुकानात तांदूळच नाही. शेवटी मोती नावाची एक स्त्री झाडाखाली मरून पडते, आणि माणूस भुकेने मरू शकतो हे गावाला प्रथम कळते.

अमर्त्य सेन यांनी त्या दुष्काळाची चिकित्सा १९८१ साली केली आणि दाखविले, की धान्य अजिबात नव्हते असे नाही, ते घेण्याची ऐपत माणसांपाशी उरली नव्हती. जपानी येतील या भीतीने त्या वेळच्या सरकारने १९४२ मध्ये किनाऱ्याकडच्या भागातून होड्या काढून घेतल्या होत्या. त्यात मासेमारांचे पोटच गेले, आणि दुष्काळात जे सर्वांत आधी कोलमडले त्यांत ते होते. सेन यांनी आकडे मांडून जे सिद्ध केले, ते बिभूतिभूषणांनी तांदळाच्या वाढत्या भावातून आधीच दाखवून ठेवले होते. भाव हे पात्र होऊ शकते, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

शेताचे जे, तेच समुद्राचे. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांची 'चेम्मीन' १९५६ ची. तिच्यात समुद्र ही माता आहे, आणि किनाऱ्यावरच्या स्त्रीच्या शीलावर दर्यावरल्या पुरुषाचा जीव अवलंबून आहे, ही समजूत कथेला शेवटापर्यंत ओढीत नेते. कादंबरी थोर आहे. होडी आणि जाळ्यासाठी करावे लागणारे कर्जही तिच्यात आहे. पण चेम्मीन म्हणजे कोळंबी. आणि त्याच किनाऱ्यावर, कोल्लमजवळ नींडकरा येथे, १९५३ पासून नॉर्वेच्या मदतीने यांत्रिक होड्यांची सरकारी योजना सुरू झाली होती. पुढे तीच कोळंबी परदेशी जाऊ लागली, तिच्यामागे ट्रॉलर लागले, लहान होडीवाले आणि ट्रॉलरवाले समोरासमोर उभे राहिले, आणि अखेर १९८८ मध्ये केरळ सरकारला पावसाळ्यात ट्रॉलर थांबवावे लागले. समुद्रमातेच्या कोपापेक्षा हा कोप निराळा. आपल्या कोकण किनाऱ्यावरही दर्या नारळी पौर्णिमेला खुला होतो असे आपण कथांत लिहीत असतो. प्रत्यक्षात १ जून ते ३१ जुलै अशी यांत्रिक होड्यांची बंदी आदेशाने ठरते. माशांची वीण जपण्यासाठी ती हवीच. पण त्या एकसष्ट दिवसांत खलाशाच्या घरी काय शिजते, ते मी कोणत्याही मराठी कादंबरीत वाचलेले नाही.

येथे एक इशारा द्यावयास हवा. मी सरकारला शिव्या देणाऱ्या कादंबऱ्या मागत नाही. कलेसाठी कला की जीवनासाठी कला हा फडके-खांडेकरांचा वाद उकरून काढण्याचाही माझा हेतू नाही. ज्या कादंबरीत सावकाराच्या जागी नुसता मंत्री आणून बसविला आहे, ती जुनीच कादंबरी होय. अवघड गोष्ट पुढेच आहे. माझी धाकटी बहीण कल्याणला असते. तिचे यजमान एका कारखान्यात रोजंदारीवर आहेत. त्या नोव्हेंबरात तिने कांदा सत्तर रुपये किलोने घेतला होता, आणि फोनवर आईपाशी ती रडकुंडीला आली होती. डिसेंबरात तिचा पुन्हा फोन आला. "कांदा उतरला गं बाई एकदाचा," ती म्हणाली. फोन मोठ्या आवाजावर होता. दादा शेजारीच जेवत होता. आई काही बोलली नाही. मग बहिणीच्या लक्षात आले असावे. तिने दादाच्या मुलांच्या परीक्षेची चौकशी केली आणि फोन ठेवला.

अन्नधोरण म्हणतात ते हेच. एकाच आईच्या दोन लेकरांपैकी कोणाच्या ताटातले काढून कोणाच्या ताटात वाढावयाचे, याचा तो निर्णय असतो. आणि तो घेणाऱ्याला आईसारखे गप्प बसण्याचीही सोय नसते. बहिणीच्या घरी कांदा स्वस्त व्हावा हे चूक नव्हते. पण तो दादाच्या खर्चाने झाला, आणि त्याला कोणी विचारले नाही, हेही खरे. हा प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर घडला. त्यात पाऊस नव्हता, गारा नव्हत्या, दुष्ट माणूस नव्हता. मी कादंबरीकार म्हणवितो, आणि तो मी टाकून दिला.

आता खरे कारण सांगतो. कादंबरी छापून आल्यावर दादाने ती वाचली आणि म्हणाला, "गारपीट घातलीस ते बरं केलंस. गारपिटीत कुणाची चूक नसते." दुसरी ट्रॉली आठ दिवस मागे ठेवली म्हणून गावात त्याला पुष्कळ ऐकावे लागले होते. त्याचे ते वाक्य ऐकले आणि माझ्या ध्यानात आले, की गारा मी केवळ वर्णनाच्या मोहाने पाडल्या नव्हत्या. त्या पाडल्या म्हणजे दादाला दोष लागत नाही, बहिणीला बोल लागत नाही, सरकारचे नाव घ्यावे लागत नाही, आणि वाचनालयाच्या माडीवर कोणाचाही चेहरा उतरत नाही. आभाळ सर्वांना सांभाळून घेते. आमच्या कादंबऱ्यांत इतके दुष्काळ का पडतात, याचे उत्तर यातच थोडेफार असावे.

मागच्या बाकावरच्या त्या शेतकऱ्याला माझे उशिराचे उत्तर एवढेच. ते प्रकरण मी आता लिहावयास घेतले आहे. बहिणीला आणि दादाला, दोघांनाही, आधी विचारले. बहीण थोडा वेळ थांबून 'लिही' म्हणाली. दादा अजून काही बोललेला नाही. पहिले वाक्य सुचलेले नाही. पण त्या दिवशी ऊन स्वच्छ पडलेले असेल, एवढे ठरले आहे.