गोमंतकाची मुक्ती आणि तिचे वाङ्मय

एखाद्या प्रदेशाच्या मुक्तीची कथा लिहावयास घेतली म्हणजे लेखकाची दृष्टी प्रथम हुतात्म्यांकडे वळते, आणि ते उचितच होय. ज्यांनी गोळ्या झेलल्या त्यांच्या आधी टनांचे व रुपयांचे आकडे मांडणारा ग्रंथकार आम्हांस तरी रुचणार नाही. परंतु हुतात्म्यांना वंदन करून झाल्यावरही एक प्रश्न शिल्लक उरतो. ज्या भूमीसाठी हे सर्व घडले, तिच्या पोटात काय होते, आणि मुक्तीनंतर ते कोणाच्या हाती राहिले? गोमंतकाविषयीच्या तीन ग्रंथांकडे या प्रश्नाच्या अनुरोधाने पाहण्याचा प्रस्तुत लेखात विचार आहे.

हा प्रश्न आम्हांस पुस्तकांतून सुचला नाही, हे आधीच सांगितलेले बरे. आमचे वास्तव्य गडमुडशिंगीस. गोकुळ शिरगावच्या फौंड्र्या येथून जवळच आहेत. आल्यागेल्यास आम्ही कोल्हापूरच्या ओतकामाची थोरवी मोठ्या तोऱ्याने सांगत असतो. एकदा एका विद्यार्थ्याने सहज विचारले, "सर, पण हे लोखंड मूळचे कुठले?" आम्हांस उत्तर देता आले नाही. ओतलेल्या वस्तूचा अभिमान बाळगावा आणि मूळ धातूची विचारपूस करू नये, ही आमची सवय केवळ कारखान्यापुरती नाही. इतिहास वाचतानाही आम्ही तेच करीत आलो आहो, असे त्या दिवशी ध्यानात आले.

पहिला ग्रंथ त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांचा. 'डीनॅशनलायझेशन ऑफ गोवन्स' ही त्यांची छोटेखानी पुस्तिका १९४४ साली प्रसिद्ध झाली. चार शतकांच्या परसत्तेने गोमंतकीयाचे मन कसे परके केले, हा तिचा विषय. १८ जून १९४६ रोजी मडगावास डॉ. राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली. त्यानंतर पेटलेल्या चळवळीत कुन्हांस अटक झाली आणि लष्करी न्यायालयाने त्यांना पोर्तुगालातील पेनिशच्या किल्ल्यात धाडले. मनाची गुलामगिरी हीच मूळ व्याधी, हे त्यांचे निदान मर्मग्राही होते. मात्र पुस्तिका निघाली तेव्हा गोव्यातील खाणींचा मोठा उद्योग अद्याप उभा राहावयाचा होता, हे वाचकाने विसरू नये.

दुसरा ग्रंथ मोहन रानडे यांचे 'सतीचे वाण'. रानडे सांगलीचे, म्हणजे आमच्या शेजारचे. आझाद गोमंतक दलाच्या सशस्त्र लढ्यात ते शिरले, १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले, आणि त्यांस सव्वीस वर्षांची शिक्षा झाली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. रानडे मात्र लिस्बनजवळच्या तुरुंगातून १९६९ च्या जानेवारीत सुटले. मुक्त झालेल्या भूमीचा सैनिक पुढे सात वर्षे बंदिवान राहावा, यापरते विदारक काय असणार? अशा आत्मकथनाकडून आर्थिक मीमांसेची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. कैद्याने आपल्या देहावर जे सोसले ते सांगावे. तेवढे प्रामाणिकपणे सांगितले की त्याचे काम झाले. दोष असलाच तर तो आम्हा वाचकांचा. अशा ग्रंथांची शेवटची पाने मिटताना लढ्याचा हिशेबही मिटला, असे आम्ही मानून बसलो.

वस्तुस्थिती काय होती? पोर्तुगीज सरकारने १९०६ च्या कायद्यान्वये खाणींच्या सनदा देण्यास आरंभ केला. तेथे त्यांस कन्सेशन म्हणत, आणि त्या मुदतीवाचून असत. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत, ज्यांस नव्या काबिजादी म्हणतात, लोहखनिज विपुल. ज्या सत्तरीच्या राण्यांनी एकोणिसाव्या शतकात पोर्तुगिजांविरुद्ध वारंवार शस्त्र उचलले, त्यांच्याच टेकड्या पुढे पोखरल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानचे पोलाद कारखाने पुन्हा उभे राहू लागले, त्यांस खनिज हवे होते. ते बार्जींत भरून मांडवी-जुवारीतून मुरगावच्या बंदरात जाऊ लागले, आणि पंधरा वर्षांच्या आत ही निर्यात वर्षाकाठी कित्येक लाख टनांवर गेली.

१९५५ साल या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. त्या वर्षी १५ ऑगस्टला नि:शस्त्र सत्याग्रही पत्रादेवीस व अन्य ठिकाणी हद्द ओलांडून गेले, आणि वीसांहून अधिक जण गोळीबारात पडले. भारत सरकारने नाकेबंदी केली. आगगाडी थांबली, मुंबईहून येणाऱ्या पैशांवर निर्बंध आले, गरिबांची चूल आखडली. परंतु पावसाळा सरताच बार्जी पुन्हा चालू झाल्या. खनिजाच्या मोबदल्यात परदेशी चलन येई, आणि धान्य व सिमेंट दूरदेशांहून बोटीने उतरे. सालाझारने गोवा केवळ लोखंडासाठी धरून ठेवला, असे आम्ही म्हणत नाही. गोवा सुटला तर अंगोला व मोझांबिकही सुटतील, हे त्याचे खरे भय. म्हणूनच १९५१ साली वसाहतींना 'सागरपार प्रांत' हे नाव देण्यात आले. पण नुसत्या नावाने किल्ला लढत नाही, रसद लागते. ती रसद खनिजाने पुरविली.

आणि गुंतागुंत येथेच आहे. खाणींचे मालक बहुतांशी गोमंतकीयच होते, आणि खाणीवर राबणारेही आपलेच. टंचाईच्या दिवसांत त्या मजुरीवर अनेक घरे तगली. परकी सत्ता व देशी प्रजा अशी सरळ दुफळी येथे लागू पडत नाही. मुक्तीनंतर १९६३ च्या निवडणुकीत बहुजनांनी ज्यांस निवडले ते पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर हे स्वत: खाणमालक होते; आणि खेडोपाडी शाळा उघडल्याबद्दल लोक त्यांना कृतज्ञतेने स्मरतात, हेही तितकेच खरे.

इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकास येथे जोसेफ कॉनराडच्या 'नॉस्ट्रोमो' (१९०४) या कादंबरीचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. तीत चांदीच्या एका खाणीसाठी एक प्रांत देशापासून फुटून स्वतंत्र होतो, आणि अखेर खाण हीच तेथील खरी सत्ताधीश ठरते. कादंबरीने सांगितलेले काँगोने १९६० साली प्रत्यक्ष भोगले. स्वातंत्र्याला दोन आठवडे होतात न होतात तोच खनिजसंपन्न कटांगा फुटून निघाला. गोव्यात रक्तपात तसा झाला नाही. परंतु पोर्तुगिजांनी दिलेल्या त्या बेमुदत सनदा स्वतंत्र भारताच्या कायद्याने रद्द होऊन त्यांचे भाडेपट्टे झाले ते कधी? १९८७ च्या मे महिन्यात, ज्या महिन्यात गोव्यास राज्याचा दर्जा मिळाला त्याच! अंमल मात्र २० डिसेंबर १९६१ पासून मानला गेला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली निर्णय दिला की भाडेपट्ट्यांची मुदत २००७ मध्येच संपली होती. आणि २०१८ मध्ये नवे नूतनीकरणही रद्द ठरविल्यावर खाणी थांबल्या. मनुष्यांची मुक्ती छत्तीस तासांच्या लष्करी कारवाईत झाली. मातीची मुक्ती अर्धशतक कज्ज्यात पडून राहिली.

ही दुसरी कथा वाङ्मयात कोणी सांगितली? आमच्या वाचनात ती आढळली पुंडलिक नायक यांच्या 'अच्छेव' (१९७७) या कोकणी कादंबरीत. खाण गावात येते, कुळवाडी नांगर ठेवून रोजावर जातो, हातात रोकड खुळखुळते, आणि शेताबरोबर घरही मोडते. येथे खलनायक परका नाही, पोर्तुगीज तर नव्हेच. मोहाला बळी पडणारी माणसे आपलीच आहेत, आणि लेखक त्यांची कीव करतो, पण त्यांची बाजू सावरून घेत नाही. खाणीचे अर्थशास्त्र न सांगता तिचा परिणाम दाखविणे हे या कादंबरीचे बळ होय. कुन्हांनी मन दाखविले, रानड्यांनी देह, नायकांनी भूमी. तिन्ही ग्रंथ एकापुढे एक वाचल्यावाचून गोमंतकाची कथा पुरी होत नाही.

पण मराठी वाचक तिसऱ्या ग्रंथाशी क्वचितच पोचतो. १६ जानेवारी १९६७ च्या कौलात गोमंतकीयांनी महाराष्ट्रात विलीन होण्याचे नाकारले, आणि आमच्या घरांतील गोव्याविषयीची आस्था तेथेच आटली. मराठी-कोकणी वादात आम्ही इतके गुंतलो, की थोड्या प्रयासाने कळणारी शेजारची भाषा वाचण्याचे कष्ट आम्ही घेतले नाहीत. ज्या भूमीसाठी आमच्या सांगली-कोल्हापुराकडील तरुणांनी तारुण्य वेचले, तिचे पुढे काय झाले हे विचारण्याचा अधिकार आम्ही रुसव्यापायी सोडून दिला. आमच्या मते हे त्या तरुणांच्या त्यागालाही शोभणारे नाही.

विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही अद्याप दिलेले नाही. पुढील सत्रात त्याच्या वर्गास हे तिन्ही ग्रंथ एकत्र वाचावयास द्यावे, असे योजिले आहे.